गॅस संपत नसतो

घरातल्या एसीतला गॅस संपत नसतो, तो गळतो. एवढी एक गोष्ट आपल्या लोकांच्या डोक्यात पक्की बसली तर दर उन्हाळ्यात आमच्या तेरखेड्यापासून बार्शी-धाराशिवपर्यंत घराघरांतून उकळले जाणारे कितीतरी पैसे वाचतील. मोटारसायकलचे पेट्रोल जळून जाते, म्हणून ते पुन्हा भरावे लागते. एसीतला गॅस जळत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, खोलीतली उष्णता उचलतो, बाहेरच्या युनिटमध्ये सोडतो आणि परत आत येतो. नळीला भोक पडले नसेल, जोड सैल झाला नसेल, तर दहा वर्षांनंतरही तो होता तेवढाच असतो. तरीही मार्च उजाडला की "काका, गॅस संपलाय, भरावा लागेल" हे वाक्य ऐकू येते आणि आपण निमूटपणे अडीच-तीन हजार रुपये काढून देतो. पुढच्या मार्चमध्ये तेच वाक्य, तेच पैसे. याला दुरुस्ती म्हणायला मी तयार नाही. ही लूट आहे.

एसी म्हणजे श्रीमंतांची चैन, त्यांचे पैसे गेले तर गेले, असे म्हणणाऱ्यांना मी आधीच थांबवतो. आमच्या भागातली जुनी घरे माळवदाची होती. लाकडाच्या तुळयांवर मातीचा जाड थर, भिंती हात-दीड हात रुंद. एप्रिल-मेच्या दुपारीसुद्धा आत बसवत असे. ती माळवदे पडली किंवा पाडली गेली आणि त्यांच्या जागी सिमेंटचे स्लॅब आले. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तो स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दोन वाजेपर्यंत खोलीत आग ओततो. घरात म्हातारी माणसे आहेत, बाळंतीण आहे, दम्याचा रुग्ण आहे. शेतकरी, शिक्षक, दुकानदार, फटाक्यांच्या धंद्यातली माणसे हप्त्यावर एसी घेतात ते मिरवायला नाही, रात्रीची झोप लागावी म्हणून घेतात. 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे विक्री आणखी वाढेल. विकणाऱ्यांची सगळीकडे गर्दी आहे. विकलेला एसी नीट दुरुस्त करून देणारा मात्र शोधावा लागतो, आणि तिथेच माझे भांडण आहे.

एका नातेवाइकांच्या घरी मी हे समोर बसून पाहिले. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, हवा गार येईना. तालुक्याच्या गावाहून मेकॅनिक आला. स्लॅबवर चढला, बाहेरच्या युनिटला मीटर जोडला, काटा पाहिला आणि पाच मिनिटांत निकाल दिला: गॅस कमी आहे. मी विचारले, "मिस्त्री, गॅस गेला कुठून?" तो म्हणाला, "काका, दरवर्षी थोडा कमी होतोच." त्याच्याजवळ ना वजनकाटा होता, ना व्हॅक्यूम पंप. सिलिंडरची नळी जोडली, अंदाजाने गॅस सोडला, हात लावून पाइप गार झाला का पाहिले, पैसे घेतले आणि गेला. बिल मागितले तर "बिलावर जीएसटी लागेल, तुमचेच पैसे वाढतील" असे उत्तर मिळाले. महिना भरायच्या आत खोली पुन्हा तापू लागली.

मग बार्शीकडचे एक जुने मिस्त्री आले. त्यांनी मीटरला हातही लावला नाही. आधी वाटीभर पाण्यात भांडी घासायचा साबण कालवला आणि ब्रशने बाहेरच्या युनिटच्या पितळी नटांवर तो फेस लावला. मोठ्या नटाच्या कडेला बुडबुडे उठू लागले. एक फुटला की दुसरा फुगत होता. तांब्याची नळी ज्या ठिकाणी तोंड पसरून नटात बसवतात, त्या फ्लेअरला बारीक चीर गेली होती. बसवणाऱ्याने पहिल्याच दिवशी नट नको तेवढा आवळला होता. मिस्त्रींनी उरलेला गॅस काढून घेतला, नळीचे टोक कापले, नवे फ्लेअर केले, नायट्रोजन भरून दाब धरला आणि पुन्हा फेस लावून पाहिला. त्यानंतर पंप लावून नळ्यांतली हवा ओढून काढली आणि सिलिंडर काट्यावर ठेवून मोजून गॅस भरला. घरच्यांनी एकाच दोषाचे दोनदा पैसे मोजले होते, आणि पहिल्या वेळचे पैसे तर हवेत सोडायला दिले होते.

त्या मिस्त्रींनी जे केले ते काही विशेष कौशल्य नव्हते, ते कामाचे किमान नियम आहेत. एसीच्या बाहेरच्या युनिटवर एक पट्टी असते. तिच्यावर गॅसचे नाव आणि वजन छापलेले असते. आर-32, आर-410ए किंवा जुन्या मशीनवर आर-22, आणि पुढे ग्रॅम किंवा किलोत आकडा. दीड टनाच्या घरगुती एसीत हा आकडा साधारण किलोच्या आसपास असतो. कंपनीने छापलेल्या त्या आकड्याइतकाच गॅस भरायचा असतो. जास्त भरला तर कॉम्प्रेसरवर ताण, कमी भरला तर गारवा नाही आणि कॉम्प्रेसर तापतो. काट्याशिवाय तो आकडा साधणार कसा? इन्व्हर्टर एसीत तर कॉम्प्रेसरचा वेग सतत कमी-जास्त होत असतो, त्यामुळे दाबही बदलत राहतो. नुसता मीटर लावून "गॅस कमी" असे सांगणारा माणूस अंदाज सांगतो आणि किंमत मात्र निदानाची घेतो.

व्हॅक्यूमचेही तसेच. नळ्या उघडल्या की आत हवा शिरते, हवेबरोबर बाष्प शिरते. ते काढून टाकल्याशिवाय गॅस भरला तर आतले तेल खराब होते, बारीक नळीत पाणी गोठून अडथळा येतो आणि वर्ष-दोन वर्षांत कॉम्प्रेसर बसतो. पंप लावून काम करायला अर्धा तास तरी लागतो. जो मेकॅनिक दहा मिनिटांत गॅस भरून खाली उतरतो, त्याने हे काम केलेलेच नसते. त्या न केलेल्या अर्ध्या तासाची किंमत पुढे कॉम्प्रेसरच्या रूपाने घरमालक भरतो.

आता जी गोष्ट सांगतो ती पैशांपेक्षा मोठी आहे, आणि ती तेरखेड्यात कुणाला समजावून सांगायची वेळ यायला नको. सोलापूर-धुळे महामार्गावरचे आमचे गाव फटाक्यांसाठी ओळखले जाते. शोभेच्या दारूत गंधक आणि कोळसा जळतो, पण त्याला प्राणवायू पुरवतो तो सोरा, हे इथल्या कामगाराला शाळेत न जाताही माहीत असते. ठिणगी कुठे चालत नाही, कुठली दोन द्रव्ये शेजारी ठेवायची नाहीत, हे इथे माणसे जिवाची किंमत देऊन शिकली आहेत. आणि याच भागात घरांच्या स्लॅबवर काही मेकॅनिक गळती शोधायला नायट्रोजनऐवजी वेल्डिंगचा ऑक्सिजन वापरतात! एसीच्या नळ्यांत आणि कॉम्प्रेसरमध्ये तेल असते. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. यात नशिबाचा काही भाग नाही, हे रसायनशास्त्र आहे. काही जण एसीचाच कॉम्प्रेसर चालवून नळ्यांत साधी हवा कोंबतात. गरम तेल, हवा आणि दाब, हेही तेच मिश्रण आहे.

त्यात आजच्या बहुतेक नव्या एसींत आर-32 असतो. तो जुन्या आर-22 सारखा न पेटणारा नाही, सौम्य का होईना, ज्वलनशील आहे. गोदरेजच्या काही एसींत तर आर-290 म्हणजे प्रोपेन असतो, स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. असा गॅस नळीत शिल्लक असताना टॉर्च पेटवून डाग देणारा माणूस मी पाहिला आहे. शेजारी लेकरे उभी राहून बघत होती. फटाक्यांच्या कारखान्याला परवाना लागतो, तपासणी होते, अपघात झाला की चौकशी लागते. दाबाखालचा ज्वलनशील गॅस हाताळणाऱ्याला मात्र आपण त्याचे शिक्षणही विचारत नाही. तेव्हा मेकॅनिक स्लॅबवर चढण्यापूर्वी त्याचे सिलिंडर बघा. गळतीच्या चाचणीसाठी ऑक्सिजन आणला असेल तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. त्याच्या हेलपाट्याचे पैसे बुडाले तरी चालतील.

गॅसच्या खालोखाल फसवणूक होते ती निदानात. एसी गार करत नाही याचे सर्वात सामान्य कारण घाण हे आहे. आमच्याकडे रस्त्यांची धूळ, मळणीच्या दिवसांतला भुसा आणि हायवेवरची माती बाहेरच्या युनिटच्या पंख्यामागच्या जाळीत थरच्या थर साचते. तिथून उष्णता बाहेर पडत नाही, मशीन तापते आणि बंद पडते. आतले फिल्टर काढून नळाखाली धुवायला एक पैसा लागत नाही, उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी ते घरच्या कुणीही करावे. पाण्याच्या जोराने होणारी पूर्ण सर्व्हिस साधारण सहाशे ते हजार रुपयांत होते. फिल्टर तुंबला की आतल्या कॉइलवर बर्फ धरतो, आणि तो बर्फ दाखवूनच "गॅस कमी झालाय" असे सांगितले जाते. बर्फ गॅस कमी झाल्यानेही धरतो, म्हणून खोटे पचते. आधी फिल्टर धुवा, एसी काही तास बंद ठेवा, मग बघा.

दुसरे म्हणजे कॅपॅसिटर. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत कॉम्प्रेसर सुरू करायला हा डबीसारखा भाग लागतो. कमी-जास्त दाबाच्या विजेने तो खराब होतो, मग कॉम्प्रेसर नुसता गुरगुरतो आणि थांबतो. भाग काही शे रुपयांचा, बदलायला दहा मिनिटे. पण "कॉम्प्रेसर गेला" असे सांगून दहा-पंधरा हजारांचा आकडा ऐकवला की घरमालकाचा जीव अर्धा होतो. मग "तुमच्यासाठी तीन हजारांत बसवतो" म्हटले की तो उपकार वाटतो. कॉम्प्रेसर गेला असे कुणी सांगितले तर कॅपॅसिटर तपासला का, हे विचाराच. स्वतः मात्र त्याला हात लावू नका. वीज बंद केल्यावरही त्यात विद्युतभार राहतो आणि जोरदार झटका बसतो.

इन्व्हर्टर एसीत मार बसतो तो पीसीबीला, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डाला. नवा पीसीबी मॉडेलप्रमाणे पाच हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंत जातो, आणि तो कंपनीशिवाय सहजी मिळत नाही. आमच्याकडे पीसीबी जळतो याचे मोठे कारण विजेच्या खांबावर आहे. संध्याकाळी दाब इतका पडतो की ट्यूब लागत नाही, आणि वादळात न्यूट्रलची तार तुटली की 230 व्होल्टच्या जागी घरात चारशेच्या आसपास दाब येतो. एका रात्रीत गल्लीतले टीव्ही, फ्रिज, एसी जळतात. खोक्यावर "स्टॅबिलायझरची गरज नाही" असे छापलेले असते. ते एका ठरावीक मर्यादेतल्या दाबासाठी असते, तुटलेल्या न्यूट्रलसाठी नसते. चांगला स्टॅबिलायझर आणि खरे अर्थिंग यांवर खर्च केलेले पैसे एका पीसीबीत वसूल होतात. अर्थिंगच्या नावाखाली भिंतीत खिळा ठोकून तार गुंडाळणारे वायरमन आहेत, तेही तपासून घ्या. न्यूट्रल तुटून उपकरणे जळली तर महावितरणला 1912 वर तक्रार करून तिचा क्रमांक घ्या, शिवाय लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच यासाठीच आहे. "खेड्यात असेच चालायचे" म्हणणाऱ्यांमुळेच तशी वीज येत राहते.

कंपन्यांना मी मेकॅनिकपेक्षा जास्त दोषी धरतो. "कॉम्प्रेसरवर 10 वर्षे वॉरंटी" ही अक्षरे दुकानात हातभर असतात. ती वॉरंटी बहुतेक वेळा फक्त त्या लोखंडी मडक्यापुरती असते. गॅस, मजुरी, वाहतूक, येण्याचा खर्च हे सगळे ग्राहकाच्या माथी. म्हणजे वॉरंटीत कॉम्प्रेसर फुकट बदलला तरी हजारो रुपये खिशातून जातात, आणि हे विकताना कुणी सांगत नाही. कॉइल कशाची आहे, तिच्यावर किती वर्षांची हमी आहे, हे विचारणाऱ्याला दुकानदार उद्धट समजतो. वास्तविक घर उघड्या गटाराजवळ असेल तर हा प्रश्न आधी विचारावा. गटारातून निघणारे गंधकयुक्त वायू तांब्याला खातात, कॉइलला सुईच्या टोकाएवढी भोके पडतात आणि गळती सुरू होते. कॉइल बदलायची म्हणजे पुन्हा मोठा खर्च. आणि तक्रार नोंदवली तर? सेवा केंद्र सोलापूरला किंवा लातूरला, माणूस येणार चार दिवसांनी, तोपर्यंत मे महिना सरायला लागतो. केंद्र सरकारने 24 डिसेंबर 2022 रोजी राइट टू रिपेअरचे पोर्टल सुरू केले. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग ग्राहकाला व स्वतंत्र मेकॅनिकला मिळावेत, ही त्यामागची कल्पना. पण तेरखेड्यातल्या माणसाला पीसीबी अजूनही कंपनीच्या दारातच मागावा लागतो.

मेकॅनिकची बाजूही मी जाणून आहे. ज्या उन्हात आपण एसी लावून बसतो त्याच उन्हात तो तापलेल्या स्लॅबवर गुडघे टेकून काम करतो. तीन महिन्यांचा हंगाम, त्यात वर्षभराची कमाई. येण्याजाण्याचे पेट्रोल त्याच्याच खिशातले. त्याचे हेलपाट्याचे पैसे द्यायला घासाघीस करणारे गिऱ्हाईकही मला ठाऊक आहे. तपासणीचे तीनशे रुपये द्यायला जीवावर आले की मेकॅनिक ते गॅसच्या बिलात वसूल करतो, हे उघड आहे. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो केलेला, काटा आणि पंप बाळगणारा मुलगा पाचशे रुपये जास्त मागत असेल तर ते द्यावेत. पण न केलेल्या कामाचे पैसे घेणाऱ्याला गरिबीचे कारण पुरत नाही. तो ज्याच्याकडून घेतो तोही काही धनदांडगा नसतो.

जुन्या मशीनबद्दल स्पष्टच सांगतो. पट्टीवर आर-22 लिहिलेले असेल, मशीन आठ-दहा वर्षांचे असेल आणि कॉम्प्रेसर किंवा कॉइल गेली असेल, तर त्यावर पैसे घालू नका. ओझोनच्या थराला मारक म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार हा गॅस जगभर बंद होत चालला आहे. भारतातही नव्या उपकरणांत तो वापरणे थांबले आहे आणि 2030 पर्यंत त्याचा वापर जवळजवळ संपवायचा आहे. म्हणजे तो दिवसेंदिवस दुर्मीळ होणार, महाग होणार आणि भेसळीचा मिळणार. "यात दुसरा गॅस टाकून चालवतो" म्हणणाऱ्याला अजिबात हात लावू देऊ नका, कारण आर-32 चा दाब त्या मशीनच्या नळ्यांसाठी नाही. दुरुस्तीचा खर्च नव्या एसीच्या निम्म्यावर गेला की मी नवा घ्या म्हणतो. आणि नवा घेण्यापूर्वी स्लॅबवर पांढरा चुना किंवा उष्णतारोधक रंग मारा. लहान एसी तापलेल्या स्लॅबखाली रात्रभर न थांबता धावतो, त्याची दुरुस्ती कधी संपत नाही.

आता बिलाचे. बिल न देणे ही मेकॅनिकची मर्जी आहे असे आपल्याला वाटते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे वस्तूचे किंवा सेवेचे बिल, पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुरुस्ती ही सेवा आहे आणि सदोष दुरुस्तीबद्दल भरपाई मागता येते. बिलावर तारीख, दोष काय सापडला, कोणता भाग बदलला, कोणता गॅस किती ग्रॅम भरला आणि किती दिवसांची हमी, हे लिहून घ्या. बदललेला जुना भाग मागून घ्या, तो तुमचा आहे. काट्यावरच्या आकड्याचा मोबाइलवर फोटो काढा. ज्याचे काम चोख आहे त्याला यातल्या एकाही गोष्टीचा राग येत नाही.

पुण्यात बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा असा कायदाही नव्हता. आज कायदा आहे, फोन आहे आणि आपण गप्प आहोत. 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येते. तिथे काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनीचे कार्यालय मुंबईत असो की दिल्लीत, तक्रार तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे धाराशिवला दाखल करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. फक्त हातात बिल लागते.